मैदानाच्या बाजूने कोण बोलणार?

नगरमध्ये मनमाड रस्त्याला किंवा केडगावच्या पुढे प्लॉट बघायला गेलेला माणूस दर विचारण्याआधी झोन विचारतो. ‘यलो आहे ना?’ दाखवणारा म्हणतो, ‘आज ग्रीन आहे, पण नव्या डीपीत यलो होणार.’ एवढ्या वाक्याच्या भरवशावर लोक आयुष्याची पुंजी जमिनीत घालतात. ज्या डीपीचा हवाला दिला जातो ती कशी तयार होते, तिच्यात बदल कोण करतं, सामान्य माणसाला त्यात कुठे आणि कधी बोलता येतं, हे घेणाऱ्याला माहीत नसतं. विकणाऱ्यालाही बहुधा नसतं. शहराचं पुढच्या वीस वर्षांचं भवितव्य ठरवणारा हा कागद इतका अनोळखी राहावा, ही मला फार गंभीर गोष्ट वाटते.

डीपी म्हणजे शहराची विकास योजना. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा तिचा कायदा. कचेरीत त्याला नुसतं ‘एमआरटीपी’ म्हणतात. प्रत्येक नगरपालिकेनं आणि महानगरपालिकेनं आपल्या हद्दीतली जमीन कशाकशासाठी वापरायची याची योजना करावी, तिला राज्य सरकारची मंजुरी घ्यावी आणि वीस वर्षांतून एकदा तरी ती सुधारून घ्यावी, अशी या कायद्याची रचना आहे. आपल्याकडे हे काम नवं नाही. देशातला पहिला नगररचना कायदा मुंबई इलाख्यात १९१५ साली झाला. आजचा नगररचना आणि मूल्यनिर्धारण विभाग त्याच्याही एक वर्ष आधीचा. त्याच सुमारास पॅट्रिक गेडेस हा स्कॉटिश अभ्यासक हिंदुस्थानात आला, इथली अनेक शहरं त्यानं पायी पालथी घातली आणि १९१९ मध्ये तो मुंबई विद्यापीठात प्राध्यापक झाला. आधी शहर नीट पाहा, मग दुखणं ओळखा आणि मगच हात लावा, हा त्याचा आग्रह होता. आजच्या कायद्यातही नकाशा आखण्याआधी पाहणीची पायरी आहे. ती पायरी किती मनापासून चढली जाते, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

डीपीच्या नकाशावर दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचाव्या लागतात. एक झोन आणि दुसरं आरक्षण. झोन म्हणजे मोठमोठे रंगीत पट्टे: पिवळा रहिवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, हिरवा शेतीचा. ग्रीन झोनमधली जमीन यलोत आली की तिचा भाव कुठल्या कुठे जातो, कारण तिथे वस्ती करायला परवानगी मिळते. २०१७ साली जमीन महसूल संहितेत दुरुस्ती झाली. तेव्हापासून मंजूर विकास योजनेत रहिवासी विभागात असलेल्या जमिनीला वेगळी एनए (अकृषिक) परवानगी काढावी लागत नाही. ठरलेली रक्कम भरली की झालं. म्हणजे नकाशावरचा पिवळा रंगच आता बराचसा एनएचं काम करतो. तो रंग कुठपर्यंत पसरवायचा हा निर्णय किती कोटींचा असतो, हे यावरून समजेल.

आरक्षणाची गोष्ट निराळी. पिवळ्या पट्ट्याच्या पोटातच एखादा तुकडा प्राथमिक शाळेसाठी, एखादा दवाखान्यासाठी, एखादा भाजी मंडईसाठी, एखादा खेळाच्या मैदानासाठी राखून ठेवलेला असतो. त्याला क्रमांक असतो, हद्द असते, आणि नकाशासोबतच्या तक्त्यात त्याच्यासमोर प्रयोजन आणि क्षेत्र लिहिलेलं असतं. जमीन मालकाचीच राहते, सातबारा त्याच्याच नावावर असतो, पण त्याला तिथे ते प्रयोजन सोडून दुसरं बांधता येत नाही. नियोजित रस्त्यांचंही तसंच. ‘१८ मी. रुंद वि. यो. रस्ता’ अशी दोन समांतर रेषांमधली अक्षरं कुणाच्या उसातून, कुणाच्या विहिरीवरून, कुणाच्या घराच्या पडवीतून गेलेली असतात. सातबाऱ्यावर यातलं काही दिसेलच असं नाही. म्हणून जमीन घेणाऱ्यानं महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढल्याशिवाय इसार देऊ नये. भाग नकाशात आपला सर्व्हे नंबर, त्याच्या आजूबाजूचे नंबर आणि त्यांवरून गेलेल्या योजनेच्या रेषा एकत्र दिसतात. हातभर लांबीचा हा कागद पुढची पंधरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढणं वाचवू शकतो.

आरक्षणं कुणाच्या लहरीनं पडत नाहीत. निदान पडू नयेत. त्यांच्यामागे साधं अंकगणित असतं. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर पाच हजार वस्तीमागे एक प्राथमिक शाळा आणि तिच्यासाठी ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जागा हवी. मोकळी जागा माणशी १० ते १२ चौरस मीटर. २०११ च्या जनगणनेत नगर शहराची लोकसंख्या ३,५०,८५९ होती. त्या हिशेबानं सत्तर शाळा लागतात आणि बागा-मैदानांसाठी किमान साडेतीनशे हेक्टर. योजना मात्र आजच्या माणसांसाठी नसते, वीस वर्षांनंतरच्या माणसांसाठी असते. त्यामुळे आधी लोकसंख्येचा अंदाज, मग त्यावरून गरज, मग असलेल्या सोयी वजा करून उरलेली तूट, आणि ती तूट भरायला जमीन, अशा क्रमानं आरक्षणाचा आकडा येतो. सावेडीत किंवा बोल्हेगावात फिरताना आपल्या मुलांना खेळायला जागा नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही तूट मोजून पाहावी. पोटातली खंत मग आकड्यात मांडता येते, आणि आकड्याला कचेरीत किंमत असते.

नगरची जमीन मुळातच आखडलेली आहे, हे इथे सांगायला हवं. अहमद निजामशहानं १४९० साली सीनेच्या काठी, भिंगारजवळ हे शहर वसवलं तेव्हा जागा भरपूर होती आणि पाण्याची चिंता होती. त्या काळच्या लोकांनी कापूरवाडी, वडगावसारख्या गावांकडून खापरी नळांनी पाणी शहरात आणलं, बागांच्या मधोमध महाल उभे केले. फराहबाग बघायला गेलं की आजही कळतं, पाणी आणि मोकळी जागा यांचा विचार करूनच इथे बांधकाम होत होतं. आज पाणी मुळा धरणातून विळदमार्गे वसंत टेकडीवर येतं. चिंता आहे ती जागेची. शहराच्या पूर्वेला किल्ला आणि भिंगारची छावणी. लष्कराची प्रशिक्षण केंद्रं, मैदानं, मोकळी सोडलेली विस्तीर्ण जमीन, या कशावरच महापालिकेची योजना चालत नाही. छावणीचा कारभार स्वतंत्र कायद्यानं चालतो. उत्तरेला नागापूरची एमआयडीसी, तिथे नियोजनाचे अधिकार औद्योगिक विकास महामंडळाकडे. दक्षिणेला १८७८ साली सुरू झालेला दौंड-मनमाड लोहमार्ग. पश्चिमेला सीना. दमडी मशिदीसारख्या केंद्र संरक्षित वास्तूंभोवती पहिल्या शंभर मीटरांत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत नियंत्रण.

अशा चौकटीत सापडलेलं शहर मिळेल त्या वाटेनं बाहेर पडतं. नगरमध्ये ती वाट म्हणजे हमरस्ते. पुणे, मनमाड, संभाजीनगर, सोलापूर, दौंड, कल्याण अशा सगळ्या दिशांना रस्ते फुटतात आणि वस्ती त्यांच्या कडेकडेनं लांबत जाते. दोन रस्त्यांच्या मधली शेतं मागाहून तुकड्या-तुकड्यानं विकली जातात. एक लेआऊट पूर्वेकडे तोंड करून, शेजारचा पश्चिमेकडे; एकाचा नऊ मीटरचा रस्ता दुसऱ्याच्या कंपाउंडला जाऊन थडकतो. मधोमध आखलेला वि. यो. रस्ता दोघांनाही नको असतो, कारण तो ज्याच्या जमिनीतून जातो त्याचे प्लॉट कमी होतात. मग सावेडीतून केडगावला जायचं तर परत शहरातूनच जावं लागतं. उड्डाणपूल आणि बाह्यवळण रस्ता यांनी बाहेरगावच्या गाड्यांची सोय झाली. मोहल्ल्यातून मोहल्ल्यात जाणाऱ्या शाळकरी मुलाची सोय फक्त त्या कागदावरच्या जोडरस्त्यांनीच होणार आहे, आणि म्हणून नव्या योजनेत मी सगळ्यात आधी तेच शोधून पाहीन.

सीनेचं प्रकरण याहून नाजूक आहे. वर्षातले बरेच महिने ही नदी नाल्यासारखी दिसते, म्हणून तिच्या पात्राकडे लोक मोकळा प्लॉट म्हणून पाहतात. नदीकाठी जलसंपदा विभाग दोन रेषा आखून देतो. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि निळ्या-लालच्या मध्ये अटींवर परवानगी. या रेषा डीपीच्या नकाशावर उतरल्या की कित्येकांचे बेत कोसळतात, म्हणून रेषा सरकवण्याची मागणी जोर धरते. पाण्याचा हिशेब खरोखर चुकला असेल तर तो पुन्हा करून घ्यायलाच हवा. नदीला मात्र अर्ज-विनंती कळत नाही. कल्याण रस्त्यावरचा पूल सीनेच्या पुराखाली गेल्याच्या बातम्या नगरकरांनी अनेकदा वाचल्या आहेत.

आता योजना सुधारण्याचं काम प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहू. सुरुवात होते ती ‘इरादा जाहीर करण्या’पासून. महापालिकेची सर्वसाधारण सभा ठराव करते की आम्ही विकास योजना सुधारणार आहोत. राजपत्रात आणि वृत्तपत्रांत नोटीस येते, सूचना-हरकतींसाठी किमान साठ दिवस दिले जातात. ही नोटीस कुणी वाचत नाही, कारण तेव्हा नकाशावर अजून काहीच आलेलं नसतं. पण शहराला काय हवं हे सांगायची सर्वात चांगली वेळ हीच. एकदा रेषा आखली की ती पुसायला शंभरपट ताकद लागते. आखण्याआधी सुचवलं तर साधा अर्ज पुरतो.

पुढे नगररचना अधिकारी नेमला जातो आणि विद्यमान जमीन वापराची पाहणी होते. कचेरीत तिला ‘ईएलयू’ म्हणतात. आज कुठल्या जागेवर काय आहे, याची ही नोंद. कुठे घर आहे, कुठे दुकान, कुठे शाळा, कुठे स्मशानभूमी, कुठे विहीर, कुठे ओढा. पूर्वी हातात कागद घेऊन सर्व्हेअर गल्लोगल्ली फिरत. आता उपग्रह प्रतिमा आणि जीआयएसची (संगणकीय नकाशा प्रणालीची) जोड मिळाली आहे. केंद्राच्या अमृत योजनेत शहरांच्या विकास योजना जीआयएसवर करण्यासाठी वेगळा निधी ठेवला गेला. वरून काढलेल्या छायाचित्रात छप्पर दिसतं. छपराखाली अंगणवाडी भरते की गोदाम आहे, ते दिसत नाही. त्यासाठी पायीच फिरावं लागतं.

ही पाहणी कच्ची राहिली की काय होतं, ते मुंबईनं दाखवून दिलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या नव्या विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला. उभ्या इमारतींवरून रस्ते काढलेले, असलेल्या शाळा आणि वारसा वास्तू नकाशावरून गायब, आरे वसाहतीसारखा हिरवा भाग बांधकामाला मोकळा. हरकतींचा पाऊस पडला. त्यांची संख्या साठ हजारांच्या वर गेली आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुदा नव्यानं करायचे आदेश दिले. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. ज्या मुंबईकरांनी तेव्हा वॉर्डावॉर्डात जाऊन नकाशा आणि गल्ली ताडून पाहिली, त्यांनी शहरावर मोठे उपकार केले आहेत. पुण्यात २०१३ च्या मसुद्यावर ऐंशी हजारांहून जास्त हरकती आल्या. निर्णय लांबत गेला, २०१५ मध्ये राज्य सरकारनं योजना स्वतःच्या हातात घेतली आणि ती मंजूर व्हायला २०१७ साल उजाडलं. पुणे महानगर प्रदेशाचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला मसुदा तर २०२५ मध्ये रद्दच करायचं ठरलं. योजना लांबली की नुकसान कुणाचं होतं? शहर तर थांबत नाही. तोवर गुंठा-गुंठा जमीन विकली जाते, घरं उभी राहतात आणि नवी योजना येते तेव्हा तिला रिकामी जागाच सापडत नाही. राज्यानं २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, तेव्हा मर्यादा १ जानेवारी २००१ ची होती. २०२१ मध्ये ती डिसेंबर २०२० पर्यंत वाढवावी लागली. वीस वर्षांची वाढ योजनेच्या बाहेर झाली, याची ही सरकारी कबुलीच म्हणायची.

पाहणी झाली की प्रारूप योजना तयार होते आणि प्रसिद्ध होते. नकाशे महापालिकेत लावले जातात, प्रती विकत मिळतात, आणि हरकती-सूचनांसाठी तीस दिवसांची मुदत सुरू होते. अनेकांना वाटतं की प्रारूप म्हणजे नुसता मसुदा, मंजूर होईल तेव्हा बघू. तसं नाही. प्रारूप प्रसिद्ध झालं की बांधकाम परवानगी देताना महापालिकेला त्याचा विचार करावाच लागतो. आलेल्या हरकतींवर नियोजन समिती सुनावणी घेते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना, पर्यावरण वगैरेंची जाण असलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. समितीचा अहवाल सभेपुढे जातो, सभा फेरबदल करते आणि योजना मंजुरीसाठी शासनाकडे जाते. शासन ती जशीच्या तशी, सुधारून किंवा भागाभागानं मंजूर करतं. शासनाला फार मोठे बदल करायचे असतील तर तेवढा भाग वगळून, त्याची वेगळी नोटीस काढून पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. त्याला ‘ईपी’ म्हणतात. अंतिम मंजुरीची अधिसूचना राजपत्रात येते आणि तिच्यात दिलेल्या तारखेपासून योजना अमलात येते. ही तारीख लिहून ठेवण्याजोगी आहे, कारण पुढचे सगळे हिशेब तिच्यापासून सुरू होतात.

सभा नसेल तर? नगर महापालिकेच्या सभागृहाची मुदत डिसेंबर २०२३ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. तेव्हा राज्यातल्या बहुतेक महापालिकांची हीच गत होती. प्रशासकाच्या काळात सभेचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे येतात. अधिकारी कितीही चांगला असला तरी नगरसेवकाच्या दारात जाऊन ‘आमच्या प्रभागातलं मैदान का काढलं’ असं विचारायची सोय राहत नाही. नगरनियोजन हा विषय चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत, म्हणजे शहरांच्या स्वराज्य संस्थांकडे सोपवायच्या कामांच्या यादीत पहिलाच घातला आहे. त्या यादीचा मान निवडून आलेलं सभागृह असेल तरच राखला जाईल, असं माझं ठाम मत आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हरकती कोण घेतं? ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडलं तो. त्यानं घ्यायलाच हव्यात. चार पिढ्यांची शेती एका रेषेनं अडकणार असेल तर माणूस धावणारच. कुणाच्या घरावरून रस्ता गेला, कुणाचा शेवटचा तुकडा बागेत गेला, यातल्या कितीतरी तक्रारी रास्त असतात आणि सुनावणीत त्या ऐकल्या गेल्या पाहिजेत. पण त्या समितीपुढे दिवसभर एकामागून एक येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस आरक्षण काढा म्हणणारा असतो. हे मैदान ठेवा, ही शाळेची जागा आम्हाला हवी आहे, असं म्हणणारा कुणी नसतो. त्या मैदानावर पुढे खेळणारी मुलं अजून जन्मलेली नाहीत. जन्मलेल्यांच्या आई-बापांना ती जागा कुठे आहे हेच माहीत नाही. कायद्यानं हरकतींबरोबर सूचनाही मागवल्या आहेत. एखादं आरक्षण कायम राहावं, असं सांगायला कुणालाही मुभा आहे, त्यासाठी जमीन मालकीची असायची गरज नाही. पण ही मुभा वापरली जात नाही, आणि मग समितीनं तरी कुणाच्या बाजूनं उभं राहायचं?

आरक्षण मंजूर झालं म्हणजे मैदान मिळालं, असंही नाही. जमीन ताब्यात घ्यावी लागते. त्याचे तीन मार्ग कायद्यात आहेत. मालकाशी ठरवून पैसे द्यायचे. पैशांऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकाम हक्क) किंवा एफएसआय (चटईक्षेत्र) द्यायचा. नाहीतर सक्तीनं संपादन करायचं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं शहरात बाजारभावाच्या साधारण दुप्पट मोबदला द्यावा लागतो, आणि ते योग्यच आहे. मात्र पगार, वीजबिल आणि पाणीयोजनेची थकबाकी यांतच अडकलेल्या महापालिकेकडे एवढे पैसे कुठून येणार? म्हणून सगळी भिस्त टीडीआरवर. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. तिच्याप्रमाणे दाट वस्तीच्या भागात दिलेल्या जमिनीच्या तिप्पट आणि बाहेर दुप्पट बांधकाम हक्क मिळतो, तो मालक दुसऱ्या बिल्डरला विकू शकतो. मुंबई-पुण्यात या हक्काला बाजार आहे. नगरसारख्या शहरात चार-पाच मजल्यांपुढे इमारती फारशा जात नाहीत. तिथे हा हक्क घेणारा मिळणं अवघड जातं. मालकाला हातात काहीच दिसत नाही, महापालिकेच्या तिजोरीत काहीच नाही, आणि आरक्षण तसंच पडून राहतं.

मग एमआरटीपीच्या कलम १२७ ची वेळ येते. अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत जमीन संपादन झाली नाही किंवा तशी कायदेशीर पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती, नंतर ती वाढत गेली. नुसता ठराव करणं किंवा पत्र पाठवणं म्हणजे पाऊल उचलणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं गिरणार ट्रेडर्स खटल्यात २००७ साली स्पष्ट केलं. नवी योजना केली म्हणून मालकाचा हा हक्क पुसला जात नाही, हे गुजरातच्या भावनगर विद्यापीठाच्या खटल्यात २००२ साली ठरलं. मालकाच्या दृष्टीनं हे सगळं न्याय्य आहे. एखाद्याची जमीन तीस-तीस वर्षं बांधून ठेवायची आणि ना पैसे द्यायचे ना परवानगी, हा सरळसरळ जुलूम आहे.

मला हळहळ वाटते ती दुसऱ्या बाजूची. मालकाची नोटीस महापालिकेच्या टपालात येते, चोवीस महिने फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, आणि एक दिवस त्या प्रभागाची शाळा, बाग, दवाखाना कागदावरून नाहीसा होतो. या दोन वर्षांत शेजारच्या कॉलनीतल्या कुणालाही याची कुणकुण लागत नाही. कलम ३७ चे किरकोळ फेरबदलही असेच होतात. एका भूखंडाचा वापर बदलायचा असतो, वृत्तपत्रात चार बोटांची नोटीस येते, महिना जातो. महापालिकेनं अशा नोटिसा आल्याबरोबर त्या त्या प्रभागात फलक लावून जाहीर केल्या, तर खर्च काहीच नाही. आणि शंभर कुटुंबांना आपण काय गमावतो आहोत ते वेळेत कळेल.

याच नगर तालुक्यात हिवरे बाजार आहे. तिथल्या ग्रामसभेनं पोपटराव पवारांच्या पुढाकारानं ठरवलं की शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही. जमिनीचा वापर ठरवण्याचंच हे काम. तिथे ते जमलं, कारण निर्णय होताना गाव समोर बसलेलं होतं आणि कुठल्या नाल्याच्या कडेला काय आहे हे प्रत्येकाला तोंडपाठ होतं. साडेतीन लाखांच्या शहराला एका झाडाखाली बसवता येणार नाही. पण एका प्रभागाला बसवता येतं. प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की आपल्या भागाचा नकाशा मोठा करून एखाद्या मंगल कार्यालयात किंवा शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर लावायचा, घरोघरच्या माणसांना बोलवायचं आणि रेषेवर बोट ठेवून विचारायचं: ही शाळा खरंच इथे आहे का? हा ओढा कुठे गेला? कॉलनीच्या पाठीमागचा हा हिरवा तुकडा कशासाठी राखला आहे? तास-दीड तासात नगररचना अधिकाऱ्याला महिनाभरात मिळणार नाही इतकी माहिती तिथे गोळा होते.

लेखी सूचना करताना भाषणबाजी टाळावी. एका अर्जात एकच मुद्दा असावा, म्हणजे सुनावणीत तो हरवत नाही. नकाशाचा विभाग, आरक्षणाचा क्रमांक, सर्व्हे नंबर आणि तक्त्यात लिहिलेलं प्रयोजन सुरुवातीलाच द्यावं. मग आपली विनंती एका ओळीत: हे आरक्षण कायम ठेवावं, किंवा हलवावं, किंवा हा रस्ता अमुक ठिकाणापर्यंत जोडावा. पुढे कारण, आणि कारणाला आकडा. परिसरात किती घरं आहेत, सर्वात जवळचं मैदान किती अंतरावर आहे, शाळेत जायला मुलांना कोणता हमरस्ता ओलांडावा लागतो. जागेचे दोन-तीन फोटो, भाग नकाशाची प्रत आणि सह्या जोडाव्यात. पाचशे लोकांनी एकच छापील मजकूर देण्यापेक्षा वीस लोकांनी आपापल्या गल्लीची निरीक्षणं लिहिलेली बरी. समितीला ती एकेक वाचावी लागतात. सुनावणीसाठी प्रत्येकाच्या वाट्याला थोडी मिनिटंच येतात, म्हणून बोलायचं ते आधी ठरवून जावं आणि शक्यतो वस्तीतल्या एखाद्या शिक्षिकेनं किंवा डॉक्टरनं बोलावं. मुलांची आणि रुग्णांची गैरसोय ती माणसं रोज बघतात.

अर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवशी न्यायचा नाही. आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा, आणि पत्ता पूर्ण लिहायचा, कारण सुनावणीची नोटीस त्याच पत्त्यावर येते.